बारवर तारीख कधी लिहिणार?

आमच्या बमरोलीत नाटक म्हणजे गणपतीतलं. लाकडी फळ्यांचं स्टेज, दोन हॅलोजन, एक वायरवाला माइक, आणि ऐन रंगात लाइट गेली की कोणीतरी ओरडणार, "अरे फ्यूज बघ रे!" एवढं तांत्रिक ज्ञान घेऊन मी मुंबईच्या कॉलेजात आले आणि मंडळात प्रकाशयोजनेच्या टीममध्ये पडले. पडले हाच शब्द बरोबर आहे, कारण अभिनयाच्या ऑडिशनला माझी अहिराणी मिसळलेली मराठी ऐकून सगळे हसले होते आणि लाइटच्या टीमला माणूस हवा होता. आता मला कोणी अभिनयाला बोलावलं तरी मी जाणार नाही.

ज्यांना बमरोली माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सुरतच्या दक्षिणेला पांडेसरा जीआयडीसी आहे, तिला लागून आमची वस्ती. डाइंग मिलची धुराडी, पॉवरलूमचा खडखडाट, आणि धुळे, नंदुरबार, जळगावहून ताप्तीच्या लाइनने आलेली हजारो मराठी घरं. शेजारी ओडिया, पलीकडे बिहारी. मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकले हे सांगितलं की इथल्या मित्रांना आधी पटत नाही, "सुरतमध्ये मराठी शाळा?" आहे. पपा प्रोसेस हाउसमध्ये काम करतात. हे सगळं का सांगतेय ते पुढे कळेल.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडच्या मंडळाने जरा मोठी उडी मारली. मंडप नको, हॉल घेऊ. दोन अंकी विनोदी नाटक, मध्ये लहान मुलांचा नाच. मी मुंबईला लाइट करते ही बातमी आईने आधीच सगळीकडे पोचवलेली, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. हॉल कुठला, कोणाचा, हे सांगणार नाही. सरकारी पैशाने चालणारा होता एवढं पुरे.

दुपारी आम्ही दिवे लावत होतो. मधल्या बारवर दहा-बारा दिवे, त्यांचे क्लॅम्प, केबल, शिवाय लोखंडी पाइप. सगळं मिळून माणसाच्या वजनापेक्षा सहज जास्त. बार वर घेतला, विंचला लॉक लावला, आणि मी फोकस बघायला खाली स्टेजवर आले. तेवढ्यात वरून एक आवाज आला. साखळी घसरल्यासारखा. बार दीड फूट खाली आला आणि तिरका होऊन थांबला. ब्रेकने थांबवला नाही. दोर कुठेतरी अडकला म्हणून थांबला. बारच्या बरोबर खाली, दोन मिनिटांपूर्वी, माझ्या मामाची नऊ वर्षांची मुलगी नाचाच्या खुणा बघत उभी होती. तिला कोणीतरी वडापाव खायला हाक मारली म्हणून ती गेली होती.

हॉलचा टेक्निशियन आला. पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने वर बघितलं, मान हलवली. हॉलचे व्यवस्थापक म्हणाले, "चाले छे ने, बेन. गेल्याच वर्षी सगळ्या सामानाची तपासणी झालीये." मी विचारलं, रिपोर्ट बघू? ते म्हणाले, तो ऑफिसचा अंतर्गत कागद आहे. आम्ही तो बार रिकामा केला, सगळे दिवे विंगेत स्टँडवर लावले, नाटक केलं. लोक हसले, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. मी पूर्ण प्रयोगभर त्या रिकाम्या बारकडे बघत होते.

या लेखाचा मुद्दा बार का घसरला हा नाही. यंत्र आहे, बिघडतं. मुद्दा एवढाच, की त्या बारची तपासणी झाली होती, तिचा कागद होता, आणि बारखाली उभं राहणाऱ्या माणसाला तो बघायचा हक्क नाही असं एका सभ्य माणसाला मनापासून वाटत होतं.

परत येताना सुरत स्टेशनवर गाडीची वाट बघत होते आणि समोर दुसरी गाडी येऊन लागली. डब्याच्या टोकाला पांढऱ्या रंगात तारखा लिहिलेल्या असतात, कधी बघितल्यात? हा डबा शेवटचा पूर्ण दुरुस्तीला कधी गेला, परत कधी जायचाय, कुठल्या कारखान्यात. रंगाने, मोठ्या अक्षरात, प्लॅटफॉर्मवरच्या कोणालाही वाचता येईल असं. इतकी वर्षं ये-जा करतेय, ते मी कधी वाचलं नव्हतं. वाचून कोणी घाबरून गाडीतून उतरलाय असंही ऐकलं नाही.

मग घरी फोन केला तेव्हा पपांना विचारलं, मिलमध्ये बॉयलरचं कसं असतं? ते म्हणाले, सर्टिफिकेट असतं, बॉयलरपाशीच फ्रेम करून लावलेलं. बॉयलरचा कायदा आपल्याकडे १९२३ साली आला, इंग्रजांच्या काळात, आणि सर्टिफिकेट फार तर बारा महिन्यांचं मिळायचं. संपलं की पुन्हा तपासणी. पपा सातवी शिकलेत, पण सर्टिफिकेटची तारीख कुठे असते ते त्यांना माहीत आहे. किराणावाल्याच्या काट्यालाही शिक्का असतो आणि त्याचं प्रमाणपत्र दुकानात लावावं लागतं. आग विझवायच्या लाल सिलिंडरला चिठ्ठी बांधलेली असते. म्हणजे तपासणीची तारीख चारचौघांत लावणं ही काही परदेशी कल्पना नाही. फक्त नाट्यगृहाच्या पडद्यामागे ती पोचलेली नाही.

आता मराठी नाटकवाले या बाबतीत किती सोसतात ते बघा. मे २०२३ मध्ये भरत जाधव यांनी रत्नागिरीत 'तू तू मी मी'च्या प्रयोगात प्रेक्षकांसमोर हात जोडले. सावरकर नाट्यगृहातली वातानुकूलन यंत्रणा आणि ध्वनियंत्रणा धड चालत नव्हती, आणि यापुढे रत्नागिरीत प्रयोग करणार नाही असं त्यांनी वैतागून सांगितलं. त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, हळहळले, शेअर केले. पण मला एक वेगळाच प्रश्न पडतो. प्रयोगाचं बुकिंग घेताना निर्मात्याला हे कळायला काय मार्ग होता? एसी चालू आहे का, स्पीकर किती चालतात, हे विचारायला फोन करायचा आणि पलीकडचा 'हो हो, सगळं ओके' म्हणेल त्यावर विश्वास ठेवायचा. लाखभराची तिकिटं खपल्यावर पडदा वर जातो आणि मग खरं कळतं.

नाटकाच्या बसमध्ये मात्र सगळी माहिती असते. आमचे एक सीनियर आता व्यावसायिक नाटकांना लाइटला जातात. ते सांगतात, कुठल्या थिएटरचा कुठला बार कुरकुरतो, कुठल्या प्लगला अर्थिंग नाही, कुठे डिमरचा तिसरा चॅनल मध्येच फडफडतो, हे सगळं तोंडी चालत आलेलं असतं. "तिकडे डाव्या विंगेतल्या बोर्डला हात लावू नको" हे वाक्य त्यांना त्यांच्या गुरूने सांगितलं, त्यांनी आम्हाला. पिढ्यान्‌पिढ्या. घराण्याची चीज असावी तसं. याचं कौतुक करावं की रडावं कळत नाही, कारण जो मुलगा त्या बसमध्ये नाही, जो पहिल्यांदा हॉलवर येतोय, त्याला हे कोण सांगणार? आमच्या बमरोलीच्या मंडळाला कोण सांगणार होतं?

कोल्हापूरचं सगळ्यांना माहीत आहे. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ साली सुरू झालेलं पॅलेस थिएटर, पुढे त्याला केशवराव भोसले यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. मी तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलवर ते बघत होते आणि रूममेट, जी कोल्हापूरची आहे, ती काही न बोलता रडत होती. सुदैवाने आत प्रयोग चालू नव्हता. आता असं बघा, ज्या वास्तूत लाकूड आहे, कापडी झालरी आहेत, आणि जिच्या विजेच्या जोडण्या काळाप्रमाणे वाढत गेल्या आहेत, अशी प्रत्येक वास्तू आपल्याला आपली वाटते. मग तिच्या वायरिंगची शेवटची तपासणी कधी झाली, काय निघालं, हे आपल्यापैकी किती जणांनी आग लागायच्या आधी विचारलं? मी नाही विचारलं. रूममेटनेही नाही. आणि विचारलं असतं तरी उत्तर वाचायला मिळेल अशी जागा कुठे आहे?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यायचं असतं, की आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे. वर्षातून दोनदा! गुजरातमध्ये २०१३ चा तसाच कायदा आहे. म्हणजे कागद तयार होत असतात, किंवा व्हायला हवेत. ते फायलीत जातात. आपण नाट्यगृहात जातो तेव्हा दाराशी नाटकाची जाहिरात असते, कँटीनचे दर असतात, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' असतं. जानेवारीचं प्रमाणपत्र नसतं.

आणि फाइल किती धोकादायक गोष्ट असते याचं सगळ्यात भयंकर उदाहरण दिल्लीचं आहे. १३ जून १९९७, उपहार सिनेमा, 'बॉर्डर'चा खेळ. तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरमधून आग आणि धूर, ५९ माणसं गेली. सकाळीच त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड होऊन त्याची घाईघाईची दुरुस्ती झालेली होती. जादा खुर्च्या घालून वाटा अडवल्या होत्या. पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्या माहितीने. १९८३ सालीच तिथल्या पाहणीत नियमभंग सापडले होते. परवाना निलंबित झाला होता, त्यावर न्यायालयाची स्थगिती आली, आणि ती वर्षानुवर्षं राहिली. चौदा वर्षं! चौदा वर्षं ज्यांनी तिकीट काढलं त्यांना हे ठाऊक नव्हतं. पाहणी करणाऱ्याला ठाऊक होतं, मालकाला, वकिलाला ठाऊक होतं. खुर्चीवर बसणाऱ्याला सोडून सगळ्यांना.

शिकागोचं इरोक्वाय थिएटरही असंच. १९०३ मध्ये नवं कोरं उघडलं, 'संपूर्ण अग्निरोधक' अशी जाहिरात केली, आणि पाच आठवड्यांत, ३० डिसेंबरला, एका दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला. आगीचा पडदा खाली येताना अडकला. सहाशेवर माणसं गेली. उघडायच्या आधी तिथेही उणिवा दिसलेल्या होत्या, पण दिसल्या त्यांनी आपापसात बोलून सोडून दिल्या.

याच्या उलट लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये १९ डिसेंबर २०१३ ला चालू प्रयोगात छताचं प्लास्टर कोसळलं, ७६ जण जखमी झाले. तिथल्या नगर परिषदेने चौकशीचा निष्कर्ष लोकांसमोर ठेवला: छताला धरून ठेवणारे जुने तागाचे बंध कुजले होते. त्यामुळे दुसऱ्या जुन्या थिएटरवाल्यांनाही आपल्या छतात काय बघायचं ते कळलं. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एका जागेचा रिपोर्ट उघड झाला की तो दुसऱ्या जागेच्याही कामी येतो.

आता माझ्या अर्जाची गोष्ट.

माहितीचा अधिकार कायदा २००५ आपण बारावीला पाठ केला होता, पाच मार्कांना. १२ ऑक्टोबर २००५ ला तो देशभर लागू झाला, महाराष्ट्रात त्याच्या आधी २००२ चा स्वतःचा कायदा होता, अण्णा हजारेंची उपोषणं, राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या जनसुनवाया वगैरे. पाठांतरात एक गोष्ट मात्र निसटली होती. माहिती मिळवणं म्हणजे फक्त झेरॉक्स घेणं नाही. कायद्यातल्या व्याख्येतच आहे की कामाची, दस्तऐवजांची, नोंदींची प्रत्यक्ष पाहणी करता येते. आणि कलम ६ म्हणतं, का हवीय माहिती, ते सांगायची गरज नाही.

गुजरातमध्ये अर्जाचे २० रुपये, महाराष्ट्रात १०. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. म्हणजे बमरोलीत घरोघरी मराठी बोलत असले तरी मराठीत अर्ज चालणार नाही! मी हिंदीत लिहिला. हॉलच्या स्टेजवरच्या बार, विंच, दोर, डिमर आणि विजेच्या जोडणीची शेवटची तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत, त्यात सुचवलेल्या दुरुस्त्या आणि त्या कधी झाल्या. बस. चार ओळी. आई म्हणाली, "हाऊ काय उद्योग शे तुना? उद्या हॉल भेटाव नही." तिची भीती खोटी नव्हती. मंडळातल्या दोन काकांनीही फोन करून समजावलं, पुढच्या वर्षी पुन्हा तोच हॉल लागणार आहे, वाकड्यात शिरू नको.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. नकार. कारण, तपासणी एका खासगी एजन्सीने केली आहे, सबब ही त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक माहिती आहे. मी कायदा उघडून बसले. त्रयस्थ पक्षाने माहिती गोपनीय म्हणून दिलेली असेल तर त्याला कळवून त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, नुसतं त्याचं नाव घेऊन दार लावता येत नाही. व्यापारी गुपित असलं तरी मोठं लोकहित असेल तर माहिती देता येते. आणि कागदातला काही भाग खरोखर देण्यासारखा नसेल तर कलम १० प्रमाणे तेवढा झाकून उरलेला द्यायचा. दोर झिजलाय हे कोणाचं व्यापारी गुपित असू शकतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं. केलं. सुनावणीला फ्लाइंग राणीने गेले, इंटर्नलचा एक पेपर बुडवून. अपील ऐकणारे अधिकारी खरंच चांगले होते. त्यांनी पाच मिनिटांत विचारलं, "यात लपवण्यासारखं काय आहे?" नकार का दिला हे सिद्ध करायची जबाबदारी अपिलात माहिती अधिकाऱ्यावर असते, आणि माहिती अधिकारी गप्प होते. मला दोन पानं मिळाली.

दुसऱ्या पानावर, विंच क्रमांक दोनसमोर, गुजरातीत लिहिलं होतं की ब्रेक सैल आहे, दोराच्या काही तारा तुटल्या आहेत, बदलेपर्यंत वजन टाकू नये. तारीख आमच्या नाटकाच्या आठ महिने आधीची. दुरुस्तीचा रकाना कोरा. आणि खाली, एजन्सीच्या सहीच्या शेजारी, हॉलच्या त्या शांत टेक्निशियनची सही.

म्हणजे त्या माणसाने सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. त्या दिवशी त्याने वर बघून मान हलवली तेव्हा त्याला माहीत होतं, आणि त्याचे साहेब शेजारी उभे असताना तो बोलू शकला नाही. मला त्याचा आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नंबर मंडळाकडून घेतला असणार. "बेन, मारुं नाम क्यांय ना लखता." तो कंत्राटावर आहे. त्याला वाटत होतं, कागद बाहेर आला म्हणजे आता सगळं त्याच्यावर येणार.

माझ्या मताला इथे खरी अडचण आली. कारण गोपनीयतेच्या बाजूने जी कारणं देतात त्यांतली बहुतेक मला फुसकी वाटतात. लोक घाबरतील? रेल्वेचा डबा बघा. सुरक्षेला धोका? बारचा ब्रेक सैल आहे हे कळून कुठला अतिरेकी काय करणार आहे? पण एक कारण फुसकं नाही. रिपोर्ट उघड होणार हे कळलं की तपासणारा खरं लिहिणारच नाही, सगळीकडे 'ठीक' ठोकून मोकळा होईल. आज निदान फायलीत तरी खरं असतं. हे आमच्याच मंडळातल्या एका मित्राने माझ्याशी भांडताना म्हटलं, आणि मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही.

माझं उत्तर अजूनही पूर्ण नाही. पण असं वाटतं की फायलीतल्या खऱ्याने त्या टेक्निशियनला वाचवलं नसतं. बार त्या मुलीवर पडला असता तर सगळ्यात आधी पोलिसांनी कोणाला उचललं असतं? उपहारच्या खटल्यात मालकांबरोबर ट्रान्सफॉर्मरची दुरुस्ती करणाऱ्या वीज मंडळाच्या कर्मचाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. आठ महिने आधी लिहून दिलेला इशारा दारावर लागलेला असता, तर तीच त्याची ढाल झाली असती. आणि जो सगळीकडे 'ठीक' लिहील त्याचं 'ठीक' सुद्धा तारखेसकट, सहीसकट लोकांसमोर राहील. खोटं 'ठीक' लिहिणाऱ्याला आज काहीच त्रास नाही, तेव्हा थोडा तरी होईल. शिवाय हॉलवर येणाऱ्या मंडळींसाठी एक शेऱ्यांची वही ठेवता येईल, म्हणजे बसमधली विद्या कागदावर येईल. एजन्सीने 'ठीक' लिहिलं आणि खाली चार नाटकवाल्यांनी 'बार घसरतो' लिहिलं, तर वाचणाऱ्याला काय ते कळेल.

नावं मात्र लावू नयेत. पद लिहा, संस्था लिहा, कंत्राटी कामगाराचं नाव नको. मी स्वतः या लेखात हॉलचं नाव दिलेलं नाही, ते त्याच्यासाठी. काहींना हा भेकडपणा वाटेल. वाटो.

मला जे हवंय ते एका पानाचं आहे. स्टेजच्या दाराशी एक कागद, तपासणीची तारीख, प्रत्येक बार किती वजन घेतो, काय नादुरुस्त आहे, कधीपर्यंत होणार, झालं का. त्या भागात ज्या भाषा बोलतात त्या भाषांत. महापालिकेच्या हॉलचं असेल तर तेच महापालिकेच्या संकेतस्थळावर. कायद्याच्या कलम ४ मध्ये हेच तर म्हटलंय, की लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये इतकी माहिती सरकारी संस्थांनी आपणहून द्यावी. माझे २० रुपये, गाडीचं भाडं, बुडालेला पेपर आणि जवळजवळ तीन महिने गेले, ते ज्या कागदासाठी, तो आठ महिने आधी दारावर चिकटवायला एक खळ लागली असती.

मी नववीत होते तेव्हा २४ मे २०१९ ला सुरतला सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली. ट्यूशनला आलेली मुलं होती. बावीस जण गेले. मग शहरभर तपासण्या झाल्या, क्लासेस बंद झाले, आमचेही झाले. तेव्हा आम्हाला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला होता हे आज लिहायला लाज वाटते. मुद्दा असा की तपासणी करता येते, हे तेव्हा आठवड्याभरात दिसलं. आधीही करता आली असती.

आता आपल्याकडे येते. आपलं कॉलेजचं सभागृह. त्यात काही खोट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, आणि नेमकं तेच मला खटकतं. तीन वर्षं मी त्या बारवर दिवे चढवतेय, त्याखाली तुम्ही नाचताय, एकांकिका करताय, ख्रिसमसचं कॅरोल गाताय. अनुदानित कॉलेजला माहितीचा कायदा लागू होतो का, तर २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने डी.ए.व्ही. कॉलेजच्या प्रकरणात सांगितलंय की सरकारच्या भरीव पैशावर चालणाऱ्या संस्थांना होतो. पण आपल्या घरात कायदा कशाला काढायचा? प्राचार्य फादरांना साधं पत्र लिहिलंय: वार्षिक महोत्सवाच्या आधी स्टेजवरच्या सगळ्या सामानाची तपासणी व्हावी आणि तिचा कागद डाव्या विंगेच्या दाराशी लावावा. प्रत्येक बारच्या टोकाला, डब्यावर असते तशी, रंगाने तारीख लिहावी. ब्रश आणि पांढरा रंग मी आणते.

पत्र मंडळाच्या खोलीत टेबलावर आहे, शेऱ्यांच्या कोऱ्या वहीखाली. शुक्रवारी दुपारी द्यायचंय. सध्या अकरा सह्या आहेत, त्यातल्या सात लाइट टीमच्या. नट मंडळींनो, बारखाली तुम्ही उभे असता.